चौथी चिठ्ठी

लोकांना वाटतं, कोर्टातला जुना कागद मिळवणं म्हणजे डोंगर उचलणं. काही नाही हो! खिडकीशी यायचं, चिठ्ठी मागायची, चार रकाने भरायचे. अर्जदार कोण, सामनेवाला कोण, साल कोणतं, आणि तुम्ही त्यांचे कोण लागता. ओळखपत्र दाखवायचं, झालं. पण हे कौटुंबिक कोर्टाचं रेकॉर्ड. चौथ्या रकान्याशी आलं की माणसं रडायला तरी लागतात, नाहीतर माझ्याशी भांडायला. इथल्या कपाटांत घराघरांतली भांडणं दोरीनं बांधून ठेवलेली आहेत, म्हणून ती कुणालाही दाखवत नाही. नवऱ्याला, बायकोला, किंवा ज्याच्यावरून भांडण झालं ते मूल मोठं होऊन आलं तर त्याला. मावश्या, आत्या, शेजारीपाजारी सगळे बाहेर.

तेहतीस वर्षं मी ह्या कोर्टात काढली, त्यातली बावीस ह्या तळघरातल्या खोलीत. बाई फटकळ आहे, असं वरच्या मजल्यावर बोलतात. बोलेनात का! दिवसभर धूळ खाऊन गोड बोलायचं म्हटलं तर ते मला जमत नाही. पण फाईल सापडली नाही असं माझ्या हातून क्वचित झालं असेल, हेही तेच लोक सांगतील.

दरवर्षी एकदा जुन्या फायली काढून टाकायच्या असतात. निकालाला तीस वर्षं झाली की फाईल गोणीत जाते, गोणी ट्रकमध्ये, आणि ट्रक कागदाच्या कारखान्यात. त्याआधी पेपरात कोपऱ्यात एक नोटीस येते, की ज्यांना आपले कागद बघायचे असतील त्यांनी अमुक तारखेच्या आत यावं. कुणी येत नाही. ती नोटीस वाचायला आधी भिंग लागतं.

ह्या वर्षी मात्र एक बाई आली. ट्रक शुक्रवारी यायचा होता, ही मंगळवारी आली. सदतीसच्या आसपासची, नीटनेटकी, हातात नोटिशीचं कात्रण. कवळ्या बनवते म्हणाली, दातांच्या दवाखान्यासाठी. म्हटलं, बरं झालं ओळख झाली, मला लागणारच आहे. ती हसली नाही. बरोबर तिचे वडील होते, सत्तरीला टेकलेले. ते बाकावर बसले आणि समोरच्या "रांगेत उभे राहा" ह्या पत्र्याच्या पाटीकडे बघत राहिले.

"अक्षरांत अंतर सारखं नाही," ते म्हणाले. "घाईत रंगवलीय कुणीतरी."

"तुम्ही रंगवता वाटतं?"

"चाळीस वर्षं तेच केलं. आता हात थोडा हलतो."

मी त्यांचं नाव पेंटर ठेवून टाकलं. मुलीला चिठ्ठी दिली आणि विचारलं, काय बघायचंय?

"एवढंच बघायचंय, मॅडम," ती म्हणाली. "मला कोणी मागितलं होतं."

मग तिनं सांगितलं ते असं. ती चार वर्षांची असताना आई घर सोडून गेली. बाबांनी तिला लहानपणापासून सांगितलं होतं, की तुझ्या आईला तू नको होतीस, मी कोर्टात गेलो आणि तुला मागून घेतलं. आईचं पुढं नखही दिसलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी अचानक त्या आईचं पत्र आलं. दुसऱ्या गावात एकटी राहते, अंथरुणाला खिळलीय, शेजारणीकडून लिहून घेतलेलं. एकदा भेटून जा, म्हणून. आणि खाली एक ओळ: मी तुला मागायला दोन वर्षं कोर्टात येत होते.

"दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय," ती म्हणाली. "तिनं खरंच मागितलं असेल तर मी जाईन. नसेल तर पत्र फाडून टाकीन. आजारी पडल्यावर मुलगी आठवणाऱ्या आया मला नकोत."

"आणि हे कात्रण कुठं मिळालं?"

"बाबांनीच काढलं. सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. पत्र आल्यापासून ते काही बोलत नाहीत, पण म्हणाले, जा, बघून घे."

मी बाकाकडे बघितलं. पेंटर चष्मा पुसत होते. मला बरं वाटलं त्यांचं. कर नाही त्याला डर कशाला! आपली बाजू खरी असल्याशिवाय कुणी स्वतः होऊन कोर्टाची पायरी दाखवत नाही, असं मला वाटलं. माणसं ओळखण्यात मी किती हुशार आहे ते पुढं कळलंच.

तिला मी आमची पद्धत समजावली. एका चिठ्ठीत एक नाव, एक साल. आमच्या नोंदवह्या अर्जदाराच्या नावावर चालतात, म्हणजे ज्यानं कोर्टाकडे काही मागितलं त्याच्या. ज्याच्याविरुद्ध मागितलं त्याचं नाव फायलीत असतं, पण वहीच्या यादीत नसतं. शोधायचं तर मागणाऱ्याचं नाव माहीत पाहिजे. तिनं मान हलवली, अर्जदार म्हणून बाबांचं नाव लिहिलं, साल घातलं, आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: मुलगी.

नाही सापडलं. त्या सालच्या वहीत पेंटरच्या आडनावाचे तिघे होते, पण हा त्यांत नव्हता. मी चिठ्ठीवर "आढळ नाही"चा शिक्का मारून दिली. बुधवारी ती परत आली, पुढचं साल घेऊन. तेही नाही. बाबांना साल नीट आठवत नाही, असं म्हणाली. पेंटर बाकावर बसून "हो, खूप वर्षं झाली," एवढंच पुटपुटले. माझा पारा चढायला लागला होता. माणूस लग्नाची तारीख विसरतो, मान्य. पण पोटच्या पोरीसाठी कोर्टात किती साली गेलो हे विसरतो?

गुरुवारी अकराला तिसरी चिठ्ठी. आधीचं साल. दुसऱ्या दिवशी ट्रक. शिपाईदादांनी गोण्या बांधून दाराशी रचायला घेतल्या होत्या, आणि मी वही उघडून बोट फिरवत होते. नाही म्हणजे नाही. मी आडनावाचं स्पेलिंग बदलून, पुढची-मागची पानं चाळून, सगळं करून बघितलं.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बावीस वर्षं हेच काम करते, आणि काखेत कळसा नि गावाला वळसा! मी खिडकीशी आले.

"हे बघा," मी म्हटलं, "वडिलांनी मागितलं असतं तर वडिलांच्या नावावर असतं. मागणारा दुसराच असेल तर?"

"म्हणजे?"

"एक चिठ्ठी आईच्या नावानं भरून बघा."

ती लालबुंद झाली. "म्हणजे माझे बाबा खोटं बोलतात, असं मी लिहून द्यायचं? ह्या माणसानं माझ्या वेण्या घातल्यात, मॅडम. बोटं रंगानं भरलेली असायची, म्हणून आधी रॉकेलनं धुऊन मग घालायचे. माझ्या केसांना रॉकेलचा वास यायचा, शाळेत मुली नाक दाबायच्या. माझ्यासाठी त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. मी नाही भरणार ती चिठ्ठी."

"अहो, चिठ्ठी भरल्यानं कुणी खोटं ठरत नाही."

"नकोच." तिनं पेन टोपण लावून पर्समध्ये टाकलं. "तीन सालं बघितली, काही नाही. म्हणजे कोर्टात कुणी गेलंच नव्हतं. बाबांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, आणि ती आता खोटं लिहितेय. संपलं. पत्र मी आजच फाडते. चला बाबा."

खरं सांगते, मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. पण मी तरी काय करणार? कुणी मागितल्याशिवाय मला फाईल उघडता येत नाही. उद्या ट्रक येणार, गोण्या जाणार, आणि मग त्या दोन गोष्टींतली खरी कोणती हे सांगणारं जगात काही उरणार नाही, त्या पेंटरशिवाय. त्यांनी फक्त उठून चालू पडायचं होतं. झाकली मूठ कायमची झाकलेली राहिली असती.

ते उठले. पण जिन्याकडे न जाता खिडकीशी आले.

"एक चिठ्ठी द्या," म्हणाले.

"बाबा, राहू दे ना आता."

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या खिडकीतलं दोरीला बांधलेलं पेन घेतलं आणि लिहायला लागले. हात हलत होता, पण अक्षर काय सांगू! आधी वरची रेघ ओढली, सरळ, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर ठेवत गेले. अर्जदाराच्या रकान्यात त्यांनी बायकोचं नाव लिहिलं. सामनेवाल्याच्या रकान्यात स्वतःचं. साल लिहिताना क्षणभरही थांबले नाहीत. साल त्यांना पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती.

वहीत नाव दोन मिनिटांत सापडलं. फाईल मात्र गोणीत गेली होती. शिपाईदादांनी माझ्या नावानं खडे फोडत तेरा गोण्या बाजूला केल्या, चौदावीचं तोंड सोडलं, आणि तळाशी हात घालून ती काढली. पातळशी फाईल, दोरी कुजलेली. मी मुलीला आत घेतलं. आत टेबलाशी बसून वाचायचं, पेन आणायचं नाही, काही टिपायचं असेल तर पेन्सिल, आणि मी समोर बसणार, हा नियम. पेंटर दारातच उभे राहिले. त्यांना या म्हणायला माझी जीभ उचलेना.

पहिल्या पानावर आईचा अर्ज होता. मुलीचा ताबा मिळावा. निदान निकाल लागेपर्यंत तरी आठवड्यातून एकदा भेट मिळावी. त्यावर कोर्टाचा हुकूम: दर शनिवारी दोन ते चार, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, वडिलांनी मुलीला आणावं.

त्यामागं शनिवारच्या नोंदी होत्या. तारीख, आणि खाली एक ओळ. अर्जदार हजर, मूल आणलेले नाही. पुढची तारीख. अर्जदार हजर, मूल आणलेले नाही. पान उलटलं तरी तेच. तेवीस शनिवार. एका ठिकाणी एवढंच जास्त होतं की पाऊस असल्यामुळे अर्जदार पाचपर्यंत थांबल्या.

मुलगी बोट लावून एकेक ओळ वाचत होती, आणि मी उलट्या बाजूनं बघत होते, तरी मला ते अक्षर ओळखू आलं. "ह"ची शेपटी अशी लांब कोण काढतं? मीच. नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, मुलांच्या खोलीत माझी ड्यूटी होती. एक मोडका लाकडी घोडा होता तिथं, दोन चेंडू, आणि मी. तेवीस वेळा ती बाई माझ्यासमोर दोन-दोन तास बसली, आणि मी ओळ लिहून, वही मिटून, चार वाजता घरी गेले. खोटं कशाला बोलू, मला ती आठवत नाही. चेहरा नाही, काही नाही. लाज वाटली मला.

"हे काय आहे?" मुलीनं विचारलं.

शेवटच्या हुकमाच्या आधी एक कागद लावलेला होता. मोठ्या, देखण्या अक्षरात एकच वाक्य. मला माझ्या आईला भेटायचे नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, वेड्यावाकड्या अक्षरांत, एका लहान मुलीचं नाव. पुढच्या पानावर निकाल: मुलीची इच्छा विचारात घेता अर्ज नामंजूर.

तिनं त्या नावावर बोट ठेवलं. मग दाराकडे वळली.

"हे मी लिहिलंय."

पेंटरनी चष्मा काढला.

"मला आठवतंय हे, बाबा. नाव लिहायला मी नुकतीच शिकले होते. तुम्ही रंगाच्या डब्यावर कागद ठेवला होता. मी विचारलं, ही कुठल्या दुकानाची पाटी? तुम्ही म्हणालात, पेंटर पाटी झाली की खाली कोपऱ्यात आपलं नाव घालतो, तसं तू घाल. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, मी बाबांबरोबर पाटी केली म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाचता येत नव्हतं, बाबा. फक्त नाव लिहिता येत होतं."

"तू गेली असतीस," पेंटर म्हणाले. दाराची चौकट धरून उभे होते. "दोन तास म्हणून गेली असतीस आणि तिकडचीच झाली असतीस. तिचं माहेर भरलेलं, माझ्याकडे काय होतं? एक खोली आणि रंगाचा वास. मी घाबरलो. एकदा खोटं बोललो ते बोललो, मग ते मागं घेता येईना. तू मोठी होत गेलीस, तसं ते आणखी अवघड होत गेलं."

"आणि आता?" हे मी विचारलं. मला विचारायचा काही अधिकार नव्हता, पण विचारलं.

"हिनं ते पत्र मोठ्यानं वाचलं. वाचून म्हणाली, ही बाई खोटारडी आहे. मला राहवेना. पण तोंड उघडेना. म्हटलं, आपण नाही सांगू शकत, कागद सांगेल."

"कागदाला तोंड नसतं, पेंटर," मी म्हटलं. "तुम्हाला होतं. तीस वर्षं होतं."

त्यांनी मान खाली घातली. म्हातारा माणूस रडायला लागला की कुठं बघावं कळत नाही. मी फायलीची दोरी सोडवत बसले.

मुलगी उठली. बाहेर खिडकीशी गेली, मला म्हणाली, एक कोरा कागद द्या. मी दिला. तिनं तो खिडकीच्या फळीवर ठेवला आणि दोरीला बांधलेलं पेन वडिलांपुढं धरलं.

"लिहा."

"काय?"

"मला माझ्या आईला भेटायचं आहे."

पेंटरनी तिच्याकडे बघितलं, मग डोळे पुसले, आणि लिहिलं. वेळ लागला. आधी रेघ, मग अक्षरं, मधलं अंतर सारखं. आयुष्यात इतकी सावकाश पाटी त्यांनी केली नसेल. पूर्ण झाल्यावर तिनं पेन घेतलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात आपलं नाव घातलं.

"आता तुमचं घाला," ती म्हणाली. "अक्षर तुमचं आहे. तिला वाचून दाखवताना मी सांगणार आहे कुणी लिहिलं ते."

त्यांनी घातलं. तिनं कागदाची घडी करून आईच्या पत्राच्या पाकिटात ठेवली.

"पावणेतीनला बस आहे," पेंटर हळूच म्हणाले. "तिच्या गावची. मी कालच चौकशी करून ठेवली होती."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, आणि बोलली तर ते त्यांना जन्मभर पुरेल. पण ती म्हणाली, "स्टँडपर्यंत सोडा. पुढं मी एकटी जाईन. घरी आल्यावर तुमच्याशी बोलेन की नाही, ते मला आत्ता माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले.

दोघं जिना चढून गेली. आधी ती, मागून ते, कठड्याला धरून. वर गेल्यावर पेंटरची स्कूटर दोनदा सुरू होऊन बंद पडली, तिसऱ्यांदा गेली.

शिपाईदादा म्हणाले, फाईल परत गोणीत टाकू का? मी म्हटलं, हात लावून तर बघा! ज्या फायलीत कुणी आता आता शोध घेतलाय ती यंदा जात नाही, तसा नियम आहे. मग मी ती नवी दोरी घेऊन बांधायला बसले. बांधण्याआधी शनिवारच्या नोंदी पुन्हा एकदा काढल्या. तेविसावी ओळ पानाच्या मध्यावर संपत होती, खाली जागा होती. निकाल लागलेल्या फायलीत एक अक्षर घालायची परवानगी नाही, हे मीच तेहतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. पण ह्या आतल्या खोलीत पेन चालत नाही, पेन्सिल चालते. मी आजची तारीख घातली, आणि पुढं लिहिलं: मूल हजर.